नगरसेवक कमकुवत आहे, मग तिकीट बदलावं का?

नवी मुंबई महापालिकेच्या जानेवारी २०२६ च्या निवडणुकीआधी कोपरखैरण्याच्या एका तरुण गटप्रमुखाने (मतदार यादीतल्या एका गटाचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्याने) विचारलं होतं: त्यांच्या भागातून २०१५ ला निवडून आलेले पक्षाचे नगरसेवक पुन्हा इच्छुक आहेत. लोक नाराज आहेत, 'दिसत नाहीत, फोन उचलत नाहीत' ही तक्रार घराघरात आहे. जिल्ह्याच्या बैठकीआधी सहा गटप्रमुखांकडून लेखी मत मागवलं आहे. उमेदवार बदला असं लिहावं, तर ते अपक्ष उभे राहतील अशी भीती. ठेवा असं लिहावं, तर सीट जाईल अशी भीती. काय लिहू?

मी ठाण्यात राहतो. वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, कळवा या पट्ट्यात सव्वीस वर्षं निवडणुकीचं बूथचं काम केलं, मतदार यादी फोडण्यापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत. तुमचा प्रश्न माझ्यासमोर दर निवडणुकीला आला, आणि एकदा मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. ते पुढे सांगतो, कारण मी जे शिकलो ते त्यातूनच.

आधी प्रश्न नीट मांडू. 'उमेदवार कमकुवत आहे का' एवढ्यावर निर्णय होत नाही. कमकुवत उमेदवार निवडून येतात आणि तगडे पडतात. खरा प्रश्न असा: हा माणूस बाजूला झाला तर जाताना सोबत काय घेऊन जाईल, आणि जे घेऊन जाईल ते नव्या माणसाला मतदानाच्या दिवसापर्यंत भरून काढता येईल का? याचं उत्तर तुमच्या हातात नसेल, तर तुमचं मत बाजूने गेलं काय आणि विरोधात गेलं काय, तो अंदाजच.

आता 'कमकुवत' हा शब्द कोण वापरतंय ते बघा. शाखेत बसून ऐकलं तर प्रत्येक नगरसेवक कमकुवत वाटतो, कारण शाखेत बसणाऱ्यांतले तीन-चार जण स्वतः इच्छुक असतात. दारात गेलं की चित्र बदलतं. आणि तुमच्या शहरात आणखी एक गोष्ट आहे जी ठाण्यापेक्षाही जास्त छळते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. म्हणजे तुमचे नगरसेवक पाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नाहीत. त्यांच्याकडे निधी नाही, सभागृह नाही, अधिकाऱ्याला जाब विचारायचा अधिकार नाही. पण गटार तुंबलं की लोक शिव्या त्यांनाच देतात, कारण दारावरची पाटी अजून तीच आहे. त्यामुळे नाराजीचे दोन भाग पाडा. काम झालं नाही म्हणून आलेली नाराजी यातली बरीचशी त्यांची नाही. फोन उचलला नाही, अंत्ययात्रेला आले नाहीत, दारावरून गेले आणि काच खाली केली नाही, ही नाराजी पूर्णपणे त्यांची आहे. पहिली समजावून सांगितली तर निवळते. दुसरी निवळत नाही.

मी दारात तीनच प्रश्न विचारायचो. पक्षाचा बिल्ला न लावता, दोनशे पानी वही घेऊन, शक्यतो संध्याकाळी सात ते नऊमध्ये. तुमचा नगरसेवक कोण? शेवटचे कधी भेटले? आणि उद्या रात्री घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पहिला फोन कोणाला लावाल? पहिले दोन प्रश्न बोलतं करण्यापुरते. उत्तर तिसऱ्यात असतं. नगरसेवकाचंच नाव आलं तर तो कमकुवत नाही, शाखा काहीही म्हणो. तुमच्याच पक्षाच्या दुसऱ्या कोणाचं नाव वारंवार आलं, तर बदलाचा विचार करायला जागा आहे, कारण लोकांनी बदल आधीच केलेला आहे. समोरच्या पक्षातल्या माणसाचं नाव आलं तर नुसता चेहरा बदलून भागणार नाही. आणि कोणाचंच नाव आलं नाही, 'रिक्षा बोलावू' असं उत्तर आलं, तर तिथे पक्ष आणि चिन्ह यांच्यावर मतदान होणार आहे. तिथे माणूस बदलला काय, ठेवला काय, फारसा फरक पडत नाही. एका प्रभागात दीडशे-दोनशे घरं पुरतात, फक्त ती नीट वाटून घ्या: माथाडींच्या बैठ्या घरांतली, साडेबारा टक्क्यांच्या (सिडकोने भूमिपुत्रांना परत दिलेल्या भूखंडांवरच्या) इमारतींमधली, गावठाणातली, मोठ्या सोसायट्यांमधली. एकाच सेक्टरमध्ये पन्नास घरं केलीत तर त्या सेक्टरचंच मत हातात येईल.

आता माझी चूक. २०१७ ची ठाण्याची निवडणूक. आमच्या भागात एक बाई नगरसेविका होत्या. सभेत बोलता यायचं नाही, माईक हातात दिला की दोन वाक्यांत खाली ठेवायच्या. सभागृहात त्यांचं नाव कधी गाजलं नाही. पक्षात सगळे म्हणायचे, कमकुवत. मीही वरिष्ठांना तसंच लिहून दिलं, दारात न जाता. बदल झाला, आणि झाला तोही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी. बंडखोरी होऊ नये म्हणून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या क्षणापर्यंत खिशात ठेवायची पद्धत आहे, तसंच केलं. दुपारी तीनला मुदत संपणार, आणि पावणेदोनला बाईंना कळलं की फॉर्म दुसऱ्याच्या हातात आहे. एका बंद दुकानाच्या शटरला टेकून त्या उभ्या होत्या. रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. हातात एक काळी डायरी होती, ती पर्समध्ये घातली आणि घरी गेल्या.

त्या डायरीत काय होतं ते आम्हाला मतदानाच्या दिवशी कळलं. चाळीतली कुठली खोली भाड्याने दिली आणि मूळ माणूस दिव्याला राहायला गेला, कोणाची मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेली पण नाव अजून इथेच आहे, कोणाच्या सासूला खुर्चीवरून आणावं लागतं, कोणाचं रेशनकार्ड अडकलंय, कोणाचा मृत्यूदाखला त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून आणला. बारा-तेरा वर्षांचा हिशेब. नव्या उमेदवाराकडे चिन्ह होतं, पैसा होता, पोरं होती. पण पोरं मतदाराची चिठ्ठी घेऊन दारात जायची आणि दाराला कुलूप. दुपारी दोनला आमच्या टेबलावर जेवणाची पाकिटं पडून होती आणि यादीत खुणा झालेली नावं निम्मीही नव्हती. बाईंनी बंडखोरी केली नाही, विरोधात एक शब्द बोलल्या नाहीत. त्या फक्त घरी बसल्या, आणि त्यांच्यासोबत चाळीतल्या तीस-चाळीस बायका घरी बसल्या. प्रभागातल्या आमच्या तीन जागा आल्या, ही एक थोडक्यात गेली. चार मतं द्यायची तर लोकांनी तीन आम्हाला दिली आणि चौथं दुसरीकडे दाबलं. ती सीट माझ्या चिठ्ठीमुळे गेली असं मी आजही मानतो.

म्हणून सांगतो, बंडखोरीला घाबरता तेवढंच घरी बसण्याला घाबरा. बंडखोर दिसतो, त्याचा बंदोबस्त करता येतो. घरी बसलेला माणूस दिसत नाही.

आता तुमच्या अपक्षाच्या भीतीकडे येतो, कारण तिथे हिशेब बदललाय. २०१५ ला नवी मुंबईत १११ प्रभाग होते आणि प्रत्येकात एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार होती, म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण दहा हजार माणसं. आता २८ प्रभाग आहेत, बहुतेक चार जणांचे, म्हणजे एका प्रभागात सरासरी चाळीस हजार. तुमच्या नगरसेवकांचा जुना वॉर्ड नव्या प्रभागाचा साधारण पाव भाग झाला. उरलेल्या तीन भागांत त्यांच्यावर कोणी चिडलेलंही नाही आणि त्यांचं उपकृतही कोणी नाही. एकट्या माणसाला अपक्ष म्हणून चाळीस हजारांच्या प्रभागात नवं चिन्ह पोचवायचं, तेही मतदार चार-चार बटणं दाबत असताना, हे फार अवघड आहे. त्यामुळे 'अपक्ष उभा राहीन' या धमकीचं वजन २०१५ च्या मानाने कमी झालंय. पण त्याच वेळी दुसरा धोका वाढलाय. समोरच्या पक्षाला चौघांच्या पॅनेलमध्ये एखादी जागा भरायला माणूस मिळत नसतो. तुमचा नाराज माजी नगरसेवक तिथे अलगद बसतो आणि त्याचा जुना पाव भाग समोरच्या चारही जणांच्या कामी येतो. तुमच्या मतात हे जरूर लिहा: ते अपक्ष जातील का, यापेक्षा समोरच्या पॅनेलमध्ये त्यांच्या आरक्षणाच्या गटातली जागा रिकामी आहे का? आरक्षणाची सोडत झालेली आहे, तेव्हा अ, ब, क, ड मधली कुठली जागा कोणासाठी आहे हे आता कागदावर दिसतं.

ठेवण्याचीही किंमत असते, हे विसरू नका. शेजारच्या बेलापुरात २०२४ च्या विधानसभेला मंदा म्हात्रे यांना भाजपने पुन्हा तिकीट दिलं. संदीप नाईक तोवर त्याच पक्षाचे नवी मुंबईचे जिल्हाध्यक्ष होते, ते बाहेर पडून समोर उभे राहिले. म्हात्रे निवडून आल्या, पण ३७७ मतांनी. मीरा-भाईंदरला २०१९ मध्ये भाजपने विद्यमान आमदार नरेंद्र मेहता यांना ठेवलं, माजी महापौर गीता जैन अपक्ष उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. पाच वर्षांनी पक्षाने पुन्हा मेहतांनाच उभं केलं आणि या वेळी ते जिंकले. ज्याला २०१९ ला लोकांनी नाकारलं, तो २०२४ ला चालला. त्यामुळे 'आता याचं संपलं' असं छातीठोक लिहू नका. मतदार तुमच्या माणसाला एकट्याला तोलत नाही, समोर कोण आहे ते बघून तोलतो.

बाहेरची उदाहरणंही लोक बैठकीत फेकतील, त्यांची तयारी ठेवा. दिल्लीचं नाव नक्की निघेल. २०१७ ला भाजपने दिल्ली महापालिकांमध्ये एकाही विद्यमान नगरसेवकाला तिकीट दिलं नाही आणि २७० पैकी १८१ जागा जिंकल्या. ते चाललं, कारण एकाला कापलं की तो अपमान असतो, सगळ्यांना कापलं की ते धोरण होतं. शिवाय निर्णय मतदानाच्या महिनाभर आधी उघडपणे सांगितला होता. तुमच्या एका प्रभागात तसं करता येत नाही. आणि २०२२ ला त्याच दिल्लीत २५० पैकी भाजपच्या १०४ आल्या आणि आम आदमी पक्षाच्या १३४. नवा चेहरा एक निवडणूक तारून नेतो. पुढच्या वेळी तोही जुना झालेला असतो.

मला जास्त शिकवणारं उदाहरण कर्नाटकातलं वाटतं. २०२३ ला भाजपने जगदीश शेट्टर आणि लक्ष्मण सवदी या दोघांचीही तिकिटं कापली. दोघेही काँग्रेसमध्ये गेले. शेट्टर माजी मुख्यमंत्री, तरी हुबळी-धारवाडच्या शहरी मतदारसंघात पडले. सवदी अथणीत निवडून आले. मी ते असं वाचतो की हुबळीत मत पक्षाचं होतं आणि अथणीत बरंचसं माणसाचं. तुमच्या प्रभागात मत कोणाचं आहे, हे तुम्हाला मोजता येतं. विधानसभा आणि लोकसभेचा केंद्रनिहाय निकाल फॉर्म २० मध्ये असतो. महापालिकेची यादी विधानसभेचीच यादी फोडून होते, त्यामुळे तुमच्या प्रभागात येणारी केंद्रं शोधणं किचकट आहे, अशक्य नाही. त्या केंद्रांवर पक्षाला विधानसभेला किती मतं पडली आणि तुमच्या नगरसेवकांना २०१५ ला त्याच भागात किती, हे शेजारी-शेजारी मांडा. मधल्या काळात पक्ष फुटले, युत्या बदलल्या, म्हणून आकडे जसेच्या तसे जुळणार नाहीत. तरी ज्या केंद्रावर माणसाचं मत पक्षापेक्षा ठळकपणे जास्त आहे, ती केंद्रं तो सोबत घेऊन जाणार. जिथे पक्षाचं जास्त आहे, तिथे त्याच्या जाण्याने काही बिघडत नाही.

पर्याय कोण, हे तर तुम्ही लिहिलेलंच नाही. बहुतेक चिठ्ठ्यांमध्ये हीच खोट असते: 'बदला' लिहितात, कोणाला आणा ते लिहीत नाहीत. मग शेवटच्या रात्री समोरच्या पक्षातून आणलेला माणूस तुमच्या डोक्यावर बसतो, किंवा जागा युतीत जाते. पर्याय ठरवताना मी एक गोष्ट बघतो: त्याच्या स्वतःच्या इमारतीत आणि स्वतःच्या गणेश मंडळात त्याच्याविषयी काय बोलतात. आणि तुम्ही सहाही गटप्रमुख त्याच्यासाठी सकाळी साडेसहाला टेबल लावाल का, हे एकमेकांच्या तोंडावर विचारा. सहापैकी चार जण हो म्हणत नसतील तर तो पर्याय नाही. जागा महिलेसाठी राखीव झाली म्हणून नगरसेवकांच्या सौभाग्यवतींना उभं करायचं, हा मार्ग सगळीकडे सुचवला जातो. त्यात चूक नाही, पण घरात तिकीट दिलं म्हणजे नाराजी मिटली असं धरू नका. मुक्ताईनगरला २०१९ च्या विधानसभेला भाजपने एकनाथ खडसे यांच्याऐवजी त्यांच्या कन्येला उमेदवारी दिली होती, तरी सीट गेली.

बदल यशस्वी झालेलाही मी बघितलाय, कळव्याकडे. तिथल्या नगरसेवकाला चार महिने आधी वरिष्ठ घरी जाऊन भेटले. शाखेत बोलावलं नाही, घरी गेले. त्यांच्या पत्नीसमोर, वहीतल्या नोंदी दाखवून सांगितलं की लोक काय म्हणतायत. भांडण झालं, चहा तसाच राहिला, दुसऱ्यांदा जावं लागलं. तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, 'माझं नाव पत्रकावर वर ठेवा, आणि पोरगा मी सांगेन तो.' पोरगा त्यांनी सांगितला तो नव्हता घेतला, पण त्यांचं नाव वर ठेवलं. निवडणूक प्रमुख त्यांनाच केलं. सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो, प्रत्येक चाळीत नव्या उमेदवाराला ते स्वतः घेऊन गेले आणि 'हा माझा माणूस' असं म्हणाले. त्यांना परिवहन समितीचा शब्द दिला होता आणि तो पाळला. इथेच बहुतेक पक्ष घाण करतात. स्वीकृत (निवडणूक न लढवता पक्षाकडून नेमल्या जाणाऱ्या) नगरसेवकाची एकच जागा पाच नाराजांना कबूल करतात आणि निकालानंतर फोन बंद. तुमच्या वरिष्ठांना शब्द पाळायचा नसेल तर तो देऊ नये. सरळ 'नाही' ऐकलेला माणूस एकदाच नाराज होतो. फसवलेला माणूस पुढची प्रत्येक निवडणूक तुमच्या विरोधात करतो.

यावरून माझं मत असं की तुमच्या प्रश्नात दिवसांची मोजणी सगळ्यात महत्त्वाची आहे. अर्जाच्या मुदतीला तीन आठवडेही उरले नसतील आणि नगरसेवकांशी अजून कोणी समोरासमोर बोललेलं नसेल, तर मी ठेवा असंच लिहीन. नाराजी खरी असली तरीही. पॅनेलमध्ये तीन चांगली माणसं सोबत असतील तर एक बेताचा उमेदवार निघून जातो. त्यांना स्वतः दारोदार जायला लावा, आणि 'फोन उचलला नाही, माझी चूक झाली' हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मी पाहिलंय, चाळीतली माणसं हे वाक्य ऐकलं की आधी भांडतात आणि मग बसायला खुर्ची देतात. वेळ हातात असेल, तिसऱ्या प्रश्नाला पक्षातल्याच दुसऱ्या कोणाचं नाव येत असेल आणि चार गटप्रमुख त्याच्यामागे उभे राहत असतील, तर बदला असं निर्धास्त लिहा.

एका बाबतीत मात्र हा सगळा हिशेब मी बाजूला ठेवतो. नगरसेवकांवरची नाराजी पैसे खाल्ल्याची असेल, टपरीवाल्यांकडून हप्ते घेतल्याची असेल, कोणा बाईने त्यांच्या वागण्याची तक्रार केली असेल आणि तुम्हाला ती खरी वाटत असेल, तर सीट जाते की राहते हे मोजत बसू नका. बदला असं लिहा आणि कारणही लिहा. त्या दारात तुम्हालाच पुन्हा मत मागायला जायचंय.

चिठ्ठीत 'कमकुवत' हा शब्द वापरू नका. तो अर्ध्या तासात त्यांच्या कानावर जातो आणि मग पुढचं सगळं बोलणं त्या एका शब्दावर अडतं. किती घरं केली, तिसऱ्या प्रश्नाला काय उत्तरं आली, कुठल्या केंद्रावर मत कोणाचं, पर्याय कोण आणि किती गटप्रमुख तयार, एवढंच लिहा. एका पानात बसतं. आणि जमलं तर चिठ्ठी देण्याआधी एकदा नगरसेवकांच्या घरी जाऊन या. एकटे जाऊ नका, दोघं जा, त्यातला एक त्यांनीच कधीकाळी पक्षात आणलेला असू दे. वहीत काय निघालं ते त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. त्यांच्याकडेही एखादी डायरी असेल. ती किती भरलेली आहे हे तुम्हाला तिथेच दिसेल.